घरातील मेश वायफायची युनिटे तारेने कशी जोडावीत

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराच्या जुन्या भागातील भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत आणि त्यांची जाडी दीड फुटाहून कमी नाही. या जुन्या भागाला जोडून पुढे स्लॅबची माडी बांधली. फायबरची जोडणी ओटीवर येते आणि माझे काम माडीवरच्या खोलीत चालते. एका राउटरने भागेना म्हणून तीन युनिटांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या युनिटांचा संच, आणला; एक युनिट ओटीवर, दुसरे माजघरात आणि तिसरे माडीवर ठेवले. माडीवर फोनमध्ये वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसू लागल्या, तरीही व्हिडिओ कॉल तुटतच राहिले.

या कोड्याचे उत्तर मला फार उशिरा कळले. फोनवरच्या कांड्या फक्त फोन आणि जवळचे युनिट यांच्यातला संपर्क दाखवतात. माडीवरचे युनिट माजघरातल्या युनिटाशी आणि ते पुढे ओटीवरच्या युनिटाशी कसे बोलते, हे त्या कांड्या सांगत नाहीत. युनिटांमधल्या या आतल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. तो हवेतून चालतो तेव्हा चिऱ्याची भिंत आणि स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या त्याची बरीच ताकद खाऊन टाकतात. शिवाय दोन बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरपट्ट्यांच्या) युनिटांत एकाच रेडिओला तुमच्या फोनशीही बोलावे लागते आणि पुढच्या युनिटाशीही. एका चॅनेलवर रेडिओ एका वेळी एक तर पाठवू शकतो किंवा ऐकू शकतो, त्यामुळे हवेतल्या प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. दोन टप्पे झाले की चतुर्थांश उरतो, आणि भिंतींमुळे होणारी घट त्याहून वेगळी.

हा आतला दुवा तारेने जोडला की युनिटाचा सगळा रेडिओ तुमच्या उपकरणांसाठी मोकळा होतो. काम अवघड नाही, पण त्याचा क्रम चुकला किंवा केबल कच्ची निघाली तर खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात. म्हणून मी ज्या क्रमाने करायला हवे होते, त्या क्रमाने पुढे लिहीत आहे.

१. आधी मोजमाप करून लिहून ठेवा

तार ओढण्यापूर्वी सध्याची स्थिती कागदावर असली पाहिजे, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे केवळ अंदाजाने ठरवावे लागते. लॅपटॉप केबलने थेट मुख्य युनिटाला जोडा आणि वेग मोजा. हा तुमच्या जोडणीचा खरा वेग. मग त्याच लॅपटॉपने प्रत्येक युनिटापासून पाच-सहा फुटांवर बसून वायफायवर वेग मोजा. दिवसातून तीन वेळा मोजणे चांगले, कारण संध्याकाळी आकडे वेगळे येतात.

आमच्याकडे योजना २०० एमबीपीएसची होती. ओटीवर १९० च्या आसपास, माजघरात ९० ते १०० आणि माडीवर ३५ ते ४५ मिळत होते. निम्मा आणि त्याचा पुन्हा निम्मा, हा हिशेब कागदावर स्पष्ट दिसला. तुमच्याकडेही अशीच उतरती पायरी दिसत असेल तर तारेचा उपयोग नक्की होईल. मात्र मुख्य युनिटाला केबलने जोडूनही वेग कमीच येत असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे आणि घरात कितीही तारा ओढल्या तरी तो जाणार नाही.

वेगासोबत पिंग, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला लागणारी वेळ, हीदेखील पाहा. लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून मुख्य युनिटाच्या आयपी पत्त्याला दोन मिनिटे सतत पिंग द्या. वेळ दोन-चार मिलिसेकंदांवर स्थिर राहिली तर दुवा निरोगी आहे. ती मधूनच ६० किंवा १५० वर उडी मारत असेल, तर कॉल तुटण्याचे कारण तेच असण्याची शक्यता मोठी आहे. कॉलला फार वेग लागत नाही, त्याला सातत्य लागते.

२. तुमच्या युनिटांना केबलची सोय आहे का ते पाहा

प्रत्येक युनिट उलटे करून मागचे आणि खालचे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, पाहा. काही संचांत फक्त मुख्य युनिटाला पोर्ट असतात आणि उपयुनिटांना मुळीच नसतात. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये आलेल्या गुगल नेस्ट वायफायच्या उपयुनिटांना इथरनेटचे, म्हणजे तारेच्या नेटवर्कचे, पोर्ट नाही. असा संच तारेने जोडता येत नाही, म्हणून नवीन घेणाऱ्यांनी खोका उघडण्याआधीच हे पाहावे.

दुसरी गोष्ट पोर्टचा वेग. स्वस्त युनिटांना १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात आणि त्यातून प्रत्यक्षात ९४ च्या पुढे काही मिळत नाही. तुमची योजना ३०० ची असेल तर अशा युनिटाला तार जोडल्यावर वेग ९४ वर अडकेल, मग वायफायवर त्याहून जास्त मिळत असले तरी. गिगाबिट पोर्टमधून सुमारे ९४० पर्यंत मिळतात आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांना तेवढे पुरेसे आहे. हस्तपुस्तिकेत पोर्टसमोर १०/१००/१००० असे लिहिलेले असेल तर ते गिगाबिट समजावे.

३. जोडणीचा आराखडा कागदावर काढा

हा नियम पक्का लक्षात ठेवा: संच राउटर म्हणून चालत असेल तर बाहेरची जोडणी आधी मुख्य युनिटात जाते आणि बाकी सगळे त्याच्या पुढे जोडले जाते. सेवा देणाऱ्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यातून एक केबल मुख्य युनिटाच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पोर्टला जाईल. मुख्य युनिटाच्या लॅन, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, पोर्टमधून पुढची युनिटे जोडली जातील. काही संचांत वॅन आणि लॅन वेगळे लिहिलेले नसतात, युनिट स्वतःच ओळखते.

सगळ्यात जास्त होणारी चूक येथेच आहे. फायबरच्या डब्यालाही बहुधा लॅन पोर्ट असतात, ते मोकळे दिसतात, आणि माडीची केबल सरळ त्यात खुपसली जाते. असे केले की माडीचे युनिट मुख्य युनिटाच्या जाळ्याबाहेर पडते. संचाच्या अॅपमध्ये ते एकतर बंद दिसते किंवा तार असूनही वायफायनेच जोडलेले दिसते, आणि माणूस केबलला दोष देत बसतो.

पुढची युनिटे दोन प्रकारे जोडता येतात. एकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करता येते. केबल कमी लागते, पण मधले युनिट बंद पडले की पुढचे सगळे बंद. किंवा मुख्य युनिटाजवळ एक नेटवर्क स्विच (एका केबलला अनेक फाटे देणारा छोटा डबा) ठेवून तिथून प्रत्येक युनिटाला स्वतंत्र केबल नेता येते. शक्य असेल तिथे मी दुसरा प्रकारच सुचवेन. आमच्याकडे आधी साखळी होती. माजघरातल्या प्लगवर मिक्सर लावण्यासाठी कोणी युनिट काढले की माडीवर माझी बैठक बंद पडायची.

स्विच साधा, कोणतेही सेटिंग न लागणारा, पाच पोर्टचा आणि गिगाबिट असावा. बरीच मेश युनिटे एकमेकांना ओळखण्यासाठी आयईईई १९०५.१ या मानकाचे संदेश वापरतात, आणि काही स्विच, विशेषतः सेटिंग बदलता येणारे, हे संदेश पुढे जाऊ देत नाहीत. तसे झाले तर तार धड असूनही युनिटे तिचा उपयोग करत नाहीत. शंका आली की स्विच बाजूला काढून युनिटे थेट एकमेकांना जोडून पाहावीत. दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळते.

४. राउटर एकच ठेवा

फायबरचा डबा बहुधा स्वतःच राउटर असतो. त्याच्या पुढे तुमचे मुख्य युनिटही राउटर म्हणून चालू केले की घरात दोन राउटर होतात. इंटरनेट चालते, पण बाहेरून कॅमेरा पाहणे, काही खेळ, कार्यालयाचे व्हीपीएन आणि डब्याच्या वायफायला जोडलेला प्रिंटर यांत न समजणाऱ्या अडचणी येतात.

यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. सेवा देणाऱ्याला सांगून डबा ब्रिज पद्धतीवर करून घ्यावा, म्हणजे राउटरचे काम मुख्य युनिट करेल. त्यासाठी पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन चालू होणाऱ्या, जोडणीचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड तुमच्याकडे असले पाहिजेत. ते हातात आल्याशिवाय बदल करू देऊ नका. माझ्याकडे आलेल्या माणसाने डबा ब्रिजवर केला आणि पासवर्ड नंतर कळवतो म्हणून निघून गेला, दोन दिवस घरात इंटरनेट नव्हते. दुसरा मार्ग म्हणजे डब्यालाच राउटर राहू द्यावे आणि मेश संच अॅक्सेस पॉइंट पद्धतीवर टाकावा, म्हणजे तो राउटरचे काम न करता फक्त वायफाय पसरवेल. घरच्या दूरध्वनीची किंवा टीव्हीची सेवा त्याच डब्यातून येत असेल तर हा मार्ग सोपा पडतो. मात्र या पद्धतीत संचाची काही वैशिष्ट्ये, जसे मुलांसाठीच्या वेळेच्या मर्यादा, बंद होऊ शकतात.

मार्ग कोणताही घ्या, डब्याचे स्वतःचे वायफाय बंद करा. ते चालू राहिले तर फोन जुन्या नावाला चिकटून बसतात आणि हवेत विनाकारण गर्दी होते.

५. सामान आणि कागद जमवा

बाजारात जाण्याआधी ही यादी हातात असावी:

• कॅट-६ दर्जाची नेटवर्क केबल, पूर्ण तांब्याची, आखलेल्या मार्गाच्या लांबीपेक्षा प्रत्येक टोकाला दोन मीटर जास्त
• भिंतीवरच्या प्लेटमध्ये बसणारे आरजे-४५ सॉकेट आणि त्यांचे डबे
• आरजे-४५ जॅक (केबलच्या टोकाला बसणारे, पोर्टमध्ये जाणारे), लागतील त्यापेक्षा दहा जास्त
• जॅक दाबून बसवण्याचे क्रिंपिंग टूल, सॉकेटमध्ये तारा दाबण्याचे पंचिंग टूल आणि आठ दिव्यांचा केबल टेस्टर
• कारखान्यात तयार झालेल्या छोट्या पॅच केबल, प्रत्येक युनिटासाठी एक
• २५ मिमीचा पीव्हीसी पाइप किंवा भाड्याच्या घरासाठी केसिंग-कॅपिंग पट्टी
• पाइपमधून तार ओढण्याची लांब स्प्रिंग
• संचाची हस्तपुस्तिका, पीपीपीओईची माहिती, आणि सदनिकेत सामायिक डक्ट वापरायचा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी

यातले सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे केबल. कॅट-५ई देखील १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, पण भिंतीत एकदा गेलेली केबल वर्षानुवर्षे राहते, म्हणून कॅट-६ घ्यावी. कॅट-७ किंवा कॅट-८ असे छापलेल्या महाग केबलची घरात गरज नाही. चपट्या केबल भिंतीत घालू नयेत.

दुकानात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ती ओळखायला एक छोटे पाते पुरते. केबलचा दोन इंचांचा तुकडा मागा, एका तारेचे आवरण काढा आणि पात्याने ती हलकेच खरवडा. खरे तांबे आतपर्यंत तांबूसच निघते. मुलामा असेल तर खाली चांदीसारखा पांढरा रंग उघडा पडतो. मग ती तार चार-पाच वेळा उलटसुलट वाकवा. मुलाम्याची तार लवकर तुटते. अशी केबल लांब अंतरावर कमी पडते, वाकताना आतल्या आत तुटते आणि आमच्यासारख्या खाऱ्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

६. केबल नेणे

नवीन घर बांधत असाल किंवा भिंती फोडणार असाल तर प्रत्येक खोलीत नेटवर्कसाठी वेगळा पाइप टाकून घ्या. गवंड्याचे आणि वायरमनचे ते एका दिवसाचे काम आहे आणि नंतर त्यासाठी गिलावा फोडावा लागतो. एका केबलच्या जागी दोन केबल ओढाव्यात. दुसरी आज रिकामी राहिली तरी पहिलीला उंदराने कुरतडले की तिची किंमत कळते. माळ्यावरून केबल न्यायची असेल तर ती पाइपमधूनच न्यावी, उघडी टाकू नये.

विजेच्या तारांच्या पाइपात ही केबल कधीही घालू नका. वायरमन सांगेल की जागा आहे, चालते. ते धोक्याचे आहे, कारण आतमध्ये आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट तुमच्या युनिटांपर्यंत आणि हातापर्यंत पोहोचू शकतात. शेजारून न्यायची झाल्यास फूटभर अंतर ठेवावे आणि विजेची तार ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी.

ओढताना झटके देऊ नयेत. दोघांनी काम करावे, एकाने हळूहळू ढकलावे आणि दुसऱ्याने स्प्रिंगने ओढावे. केबलला कोपऱ्यात काटकोनी मोडू नये. साधारण एक इंच त्रिज्येच्या गोलाईपेक्षा घट्ट वळण देऊ नये, आणि टायने इतके आवळू नये की आवरण चेपेल. दोन्ही टोकांना कायमच्या शाईने एकच क्रमांक लिहावा.

बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हापावसाला टिकणारी, काळ्या जाड आवरणाची केबल घ्यावी. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे आणि केबल आत शिरण्यापूर्वी खाली झोळ पडेल अशी ठेवावी. पावसाचे पाणी त्या झोळावरून ठिबकते आणि केबलच्या अंगाने घरात शिरत नाही. कोकणातल्या पावसात ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो.

मुख्य घरापासून गोठ्यापर्यंत किंवा आउटहाउसपर्यंत जोडणी हवी असेल, तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नेऊ नये. जवळपास वीज पडली तर त्या केबलमधून दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात. त्या टप्प्यासाठी ऑप्टिकल फायबर आणि दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारा मीडिया कन्व्हर्टर वापरावा; काचेच्या धाग्यातून विद्युतप्रवाह जात नाही.

तार नेणे खरोखरच अशक्य असेल, तर तीन बँडचा संच घ्यावा, ज्यात युनिटांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. विजेच्या तारांमधून इंटरनेट नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण त्यांचा खोक्यावरचा वेग आणि प्रत्यक्ष वेग यांत मोठे अंतर असते, आणि घरात थ्री-फेज जोडणी असून दोन प्लग वेगवेगळ्या फेजवर असतील तर बहुधा निराशाच पदरी पडते.

७. टोके बसवणे

भिंतीत जाणाऱ्या केबलच्या टोकाला शक्यतो जॅक न बसवता भिंतीवरच्या सॉकेटमध्ये ती संपवावी आणि तिथून युनिटापर्यंत तयार पॅच केबल लावावी. सॉकेटवर रंगांच्या खुणा छापलेल्या असतात. दोन्ही टोकांना बी असे लिहिलेली ओळ पाळली की काम झाले.

जॅक बसवावाच लागला तर क्रम पाठ असावा. जॅकची कडी पलीकडे, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे आणि केबल शिरण्याची बाजू खाली धरली, की डावीकडून असा क्रम येतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन बाजूंना विभागली जाते, आणि चूक होते ती इथेच.

आमच्या वायरमनने चारही जोड्या ओळीने, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा लावल्या होत्या, दोन्ही टोकांना तशाच. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले आणि आम्ही दोघांनीही काम संपले असे मानले. पण टेस्टर फक्त प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते का एवढेच पाहतो. केबलमधल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, कारण एकाच संकेताच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्याने बाहेरचा अडथळा नाहीसा होतो. तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर वेगवेगळ्या जोड्यांमधल्या तारा आल्या की तो पीळ निरुपयोगी होतो. माडीवरचा दुवा दर काही मिनिटांनी तुटून पुन्हा जुळत होता. जॅक कापून क्रम नीट लावल्यावर तो पुन्हा कधी तुटला नाही.

तारांचा पीळ जॅकच्या आत अगदी शेवटच्या अर्ध्या इंचापुरताच सोडावा. बाहेरचे आवरण जॅकमध्ये शिरलेले असावे, म्हणजे दाबताना ते पकडले जाते आणि ताण तारांवर येत नाही. दाबण्यापूर्वी जॅक डोळ्यांसमोर धरून पुढच्या टोकातून आठही तारांची तांब्याची टोके दिसतात का ते पाहावे.

८. युनिटे जोडणे

आधी सगळी युनिटे मुख्य युनिटाच्या जवळ आणून वायफायनेच संचात सामील करून घ्या आणि अॅपमधून त्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा. हे केल्यावरच त्यांना आपापल्या जागी नेऊन तार लावावी. नवे, कधीही न जोडलेले युनिट सरळ तारेवर लावले तर काही संचांत ते स्वतःलाच मुख्य समजू लागते.

तार लावल्यावर तीन-चार मिनिटे थांबा. मग अॅपमध्ये त्या युनिटाच्या माहितीत जोडणीचा प्रकार पाहा. तिथे इथरनेट किंवा वायर्ड असे दिसले पाहिजे. दिसले नाही तर युनिट बंद करून पुन्हा चालू करावे. काही कंपन्यांच्या अॅपमध्ये तारेच्या बॅकहॉलसाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो.

एका युनिटातून स्विचला दोन केबल कधीही लावू नका, आणि साखळीचे शेवटचे टोक पुन्हा पहिल्याला जोडू नका. असे वर्तुळ झाले की एकच संदेश जाळ्यात फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळे घर ठप्प होते. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी भराभर लुकलुकू लागले तर आधी हेच तपासावे. तार आणि वायफाय असे दोन रस्ते एकाच वेळी उपलब्ध असले तर मात्र काळजी नसते; युनिटे तार निवडतात आणि हवेतला दुवा राखीव ठेवतात.

९. आठही तारा चालतात का ते पाहा

आता पहिल्या पायरीचा कागद काढा आणि त्याच जागी, त्याच लॅपटॉपने पुन्हा मोजा. आमच्या माडीवर ४० च्या जागी १८५ येऊ लागले आणि पिंगच्या उड्या थांबल्या.

तुमचा आकडा नेमका ९० ते ९५ च्या दरम्यान अडकलेला दिसला, तर तो योगायोग नाही. १०० एमबीपीएसच्या दुव्याला फक्त एक, दोन, तीन आणि सहा क्रमांकाच्या तारा लागतात. १९९९ च्या मानकानुसार आलेल्या तांब्यावरच्या गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली असेल, तर उपकरणे तक्रार न करता १०० वर उतरतात आणि दुवा चालूच राहतो. हा दोष माणसे महिनोन्‌महिने ओळखत नाहीत, कारण अॅपमध्ये वायर्ड असे दिसत असते. लॅपटॉप थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून त्याच्या नेटवर्क माहितीत दुव्याचा वेग १००० दिसतो की १००, हे पाहणे हाच खात्रीचा उपाय. १०० दिसला तर आधी पॅच केबल बदलून पाहा, मग दोन्ही टोके पुन्हा बसवा, आणि तरीही फरक पडला नाही तरच भिंतीतल्या केबलवर संशय घ्या.

१०. युनिटांच्या जागा नव्याने ठरवा

हवेतल्या दुव्यासाठी युनिटे एकमेकांना ऐकू येतील इतकी जवळ ठेवावी लागत होती. तार आल्यावर ते बंधन संपते आणि जिथे माणसे बसतात तिथे युनिट ठेवता येते. आम्ही माजघराच्या दारातले युनिट स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवले आणि माडीवरचे जिन्याजवळून कामाच्या खोलीत नेले. फ्रिजच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा आरशामागे युनिट ठेवू नये.

फोन एका युनिटावरून दुसऱ्यावर कधी जाईल हे फोनच ठरवतो, युनिट फक्त सुचवू शकते. माडीवर जाऊनही फोन ओटीच्याच युनिटाला चिकटून राहत असेल तर अॅपमधला फास्ट रोमिंगचा (युनिट पटकन बदलण्याचा) पर्याय चालू करून पाहावा. काही जुनी उपकरणे या पर्यायामुळे जोडलीच जात नाहीत; तसे झाल्यास तो बंद करावा.

११. वीज गेल्यावर आणि विजा चमकताना

फायबरचा डबा, मुख्य युनिट आणि स्विच या तिन्ही गोष्टी एकाच इन्व्हर्टरच्या किंवा छोट्या यूपीएसच्या प्लगवर असाव्यात. स्विच विसरला जातो. आमच्याकडे वीज गेली की डबा आणि युनिटे इन्व्हर्टरवर चालू राहत आणि स्विच मात्र बंद पडे. युनिटे मुकाट्याने हवेतल्या दुव्यावर परत जात आणि माडीवर पुन्हा पूर्वीचा वेग येई. बाहेरून बघता सगळे चालू दिसे, म्हणून कारण सापडायला वेळ लागला.

बहुतेक घरगुती मेश युनिटांना केबलमधून वीज देता येत नाही, प्रत्येकाला स्वतःचा अडॅप्टर लागतो. हस्तपुस्तिकेत पीओई असा स्पष्ट उल्लेख नसेल तर तसा प्रयत्न करू नये.

मान्सूनपूर्व पावसात आणि परतीच्या पावसात विजांचा गडगडाट जवळ येण्याआधीच अडॅप्टर प्लगमधून काढण्यासोबतच बाहेरच्या भिंतीवरून आलेल्या केबलही स्विचमधून काढून ठेवाव्यात. त्यासाठी अशा केबलच्या टोकाला आम्ही लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, म्हणजे अंधारात टॉर्चच्या उजेडातही घरातल्या कोणालाही त्या ओळखता येतात. कोणती केबल कोणत्या खोलीत जाते, तिचा क्रमांक आणि ती भिंतीतून कुठून जाते याचा कागद एमसीबीच्या डब्याच्या दाराला आतून चिकटवला आहे. पुढच्या वेळी ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाला तो आधी दाखवायचा.